रिंक उघडली, पण नवशिक्यांना जागा कुठे? (गोवा, कोविडनंतरचे स्केटिंग)

अबोली | ८ नोव्हेंबर २०२१, रात्री ९.४०

दिवाळी सरली आणि आमच्या तालुक्यातली स्केटिंग रिंक एकदाची उघडली. मार्च २०२० मध्ये कुलूप लागले, मधल्या हिवाळ्यात थोडे दिवस मुले फिरली, आणि यंदा ९ मेपासून राज्यभर संचारबंदी आली तेव्हा पुन्हा सगळे ठप्प झाले. पुढे पावसाळा. उघड्यावरच्या सिमेंटला आपल्याकडे आषाढात शेवाळ धरते, त्या महिन्यांत तशीही रिंक चालत नाही. आता ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढली आहे, कुंपणाकडचे रान कापले आहे. संध्याकाळी रस्त्यावरून जाताना चाकांची घरघर पुन्हा कानावर येते. फार बरे वाटते.

नियम बरेच आहेत. एका तासाला वीस मुले, नाव आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर घालायचे. घरूनच गार्ड बांधून यायचे, पाण्याची बाटली स्वतःची. रिंकवर पाय ठेवेपर्यंत मास्क. पालकांनी फाटकाबाहेर थांबायचे, आणि अठरावर असलेल्यांनी दोन्ही डोसचे प्रमाणपत्र दाखवायचे. हे सगळे मला पटते. एप्रिल-मे मध्ये गोव्याने जे सोसले त्यानंतर कोणी नियमांवरून कटकट करू नये.

पण दोन गोष्टी पटत नाहीत. एक, भाड्याच्या स्केट्सचे कपाट बंद ठेवले आहे. दुसरी, नवशिक्यांची बॅच 'पुढील सूचनेपर्यंत' नाही. सगळे तास स्पर्धेला जाणाऱ्या मुलांना दिले आहेत.

माझी लेक स्पर्धेच्या बॅचमध्ये आहे, तेव्हा आमचे काही अडलेले नाही. अडले आहे ते आमच्या वाड्यावरच्या मुलांचे. लेकीची जिवाभावाची मैत्रीण भाड्याच्या स्केट्सवरच शिकत होती, तिचे वडील पायलट चालवतात. (बाहेरच्या वाचकांसाठी: मोटारसायकलवरून भाडे मारणारे.) दीड वर्ष पर्यटकांचे येणे आटले होते तेव्हा त्या घरात काय आले असेल? ती पोरगी रोज फाटकाबाहेर उभी राहून बघते. आणि रिंकवर नजर टाकली तर सात-आठ वर्षांचे एकही पोर दिसत नाही. आज जी मुले दहा-बाराची आहेत ती चार वर्षांनी दहावीच्या अभ्यासाला लागतील. त्यांच्यामागे कोण येणार?

तुमच्याकडच्या रिंकवर काय चालले आहे ते लिहा. गोव्याबाहेरच्यांनीही लिहा.

डिचोलीचा_बाबा | ८ नोव्हेंबर, रात्री १०.१५

अबोलीताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आमच्याकडे तर आधी स्केट्सनीच दगा दिला. दोन पावसाळे माळ्यावर पडून होते. बाहेरून बूट चांगले दिसले, आतल्या अस्तरावर हिरवी बुरशी. मुलाने पाय घातला, उभा राहिला, आणि तळ खालच्या फ्रेमवरून सुटायला लागला. गोंद वाळून त्याची पूड झाली होती. चाके हाताने फिरवली तर वाळूत फिरावीत तशी कर्रकर्र. एका बोल्टला गंज चढून अ‍ॅलन की गुळगुळीत फिरू लागली, शेवटी गॅरेजवाल्याकडून काढून आणला.

ज्यांचे स्केट्स असेच पडून आहेत त्यांनी मुलाला उभे करण्यापूर्वी प्रत्येक चाक, प्रत्येक बोल्ट आणि बुटाचा तळ हाताने वाकवून बघा. चाकाचे रबर, म्हणजे युरेथेन, दमट हवेत जुने झाले की तुकडे पडतात. नखाने दाबून बघायचे, चीर दिसली की ते चाक बाद.

शिवाय पाय! गेल्या वर्षी आणलेले बूट आता अंगठ्याला लागतात. वाढत्या मुलाचा पाय दीड वर्षात दोन नंबर सहज पुढे जातो. नवे इनलाइन (एका ओळीत चाके असलेले स्केट्स) घ्यायचे म्हणजे आज खिशाला मोठा चटका आहे. ज्यांच्या मुलांचे बूट लहान झाले आणि ज्यांना मोठे हवेत, त्यांनी आपसात अदलाबदल करावी का?

चाकांचे_सर | ९ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

मी रिंकवर शिकवतो (अबोलीताईंची रिंक नव्हे, शेजारच्या तालुक्यातली), म्हणून शिकवणाऱ्याची बाजू मांडतो.

स्पर्धेच्या मुलांना आधी घेण्यामागे पक्षपात नाही. ही मुले वयोगटातली महत्त्वाची दोन वर्षे गमावून बसली आहेत. अकरा वर्षांखालच्या गटात ज्याने तयारी केली तो एकही शर्यत न खेळता त्या गटातून बाहेर पडला. शेजारच्या राज्यांत ज्यांना सराव मिळाला त्यांच्याशी याने आता लढायचे. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या गोव्यात व्हायच्या होत्या, त्या पुढे ढकलल्या गेल्या. पुढच्या सप्टेंबरात चीनमध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धा ठरल्या आहेत, त्यात रोलर स्केटिंग आहे. २०१० मध्ये ग्वांगझोऊला भारताच्या अनुप कुमार यामाने दोन ब्राँझ आणली, त्यातले एक अवनी पांचाळसोबत. तेव्हापासून प्रत्येक रिंकवर एक तरी मूल ते स्वप्न बघते. अशा मुलाला मी 'थांब' कसे सांगू?

दुसरी अडचण जास्त खरी आहे. स्पर्धेचे मूल मी दहा मीटरवरून शिटी वाजवून शिकवू शकतो. नवशिक्याला हात धरल्याशिवाय उभे करता येत नाही. पहिल्या दिवशी मूल घाबरून गळ्यातच पडते. त्याचा श्वास माझ्या तोंडावर, माझा त्याच्या. मी दिवसाला पाच बॅच घेतो. मला लागण झाली तर मी ती शंभर घरांत नेईन. माझ्या घरी वृद्ध आई आहे.

कुळागर | ९ नोव्हेंबर, दुपारी २.०५

मी या धाग्यावर लिहू की नको असा विचार करत होते. मे महिन्यात आमचे मामंजी गेले. ऑक्सिजनसाठी रात्रभर धावाधाव केली ती मी विसरू शकत नाही. माझे दोन्ही मुलगे आधी रोज रिंकवर असायचे. आता धाकटा विचारतो, 'आई, कधी?' आणि माझ्या पोटात गोळा येतो.

अठराखालच्यांना अजून लस नाही. शाळेत नववी ते बारावीचे वर्ग भरायला लागले, ते मी समजू शकते, शिक्षण आहे. पण स्केटिंग नाही केले तर काय बिघडते, असे घरातली मोठी माणसे विचारतात, आणि माझ्याकडे उत्तर नसते. कोणी जाणकार असेल तर सांगा: उघड्या रिंकवर धोका नेमका किती? घाबरवू नका, आणि खोटा धीरही देऊ नका.

मांडवीकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ११.३०

कुळागर, तुमचे दुःख मोठे आहे. मी डॉक्टर आहे, मे महिना मीही वॉर्डात काढला. तुमच्या प्रश्नाचे उत्तर शक्य तेवढे सरळ देतो.

सगळ्यात मोठा फरक छप्पर आणि भिंतींचा आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा भागात १६ जून २०२० ला बर्फावरच्या हॉकीचा एक हौशी सामना झाला, बंदिस्त रिंकमध्ये. एका खेळाडूला दुसऱ्या दिवशी लक्षणे आली. पुढच्या काही दिवसांत २२ खेळाडूंपैकी १४ जण आजारी पडले, वर रिंकवरचा एक कर्मचारी. कारणे समजण्यासारखी आहेत: थंड हवा, बर्फाच्या कडेने उभी असलेली पारदर्शक भिंत, तिच्या आत साचून राहणारा वारा, जोरजोरात चाललेला श्वास, आणि सामन्याआधी-नंतर कपडे बदलायच्या खोलीतली दाटी. आपली रिंक याच्या उलट आहे. वर आकाश, चारी बाजूंनी वारा, दुपारनंतर समुद्राकडून येणारी झुळूक. धोका शून्य होत नाही, पण पुष्कळ कमी होतो.

मग धोका उरतो कुठे? फाटकाशी होणाऱ्या गर्दीत, बाकावर खांद्याला खांदा लावून बूट बांधण्यात, आणि एकामागोमाग चिकटून पळण्यात. स्पीड स्केटिंगमध्ये पुढच्याच्या पाठीशी राहून वारा चुकवतात. एप्रिल २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या आयंडहोव्हनच्या बर्ट ब्लॉकेन यांनी संगणकावर हवेचा प्रवाह मांडला आणि एकामागोमाग धावणाऱ्यांत १० मीटर, वेगाने जाणाऱ्या सायकलस्वारांत २० मीटर अंतर सुचवले. त्यावर बरीच टीका झाली, कारण त्यांनी थेंब कुठवर जातात ते पाहिले होते, आजार किती पसरतो ते नव्हे. तरीही त्यातली साधी गोष्ट घेण्यासारखी आहे: मागे चिकटू नका, बाजूने तिरके राहा.

म्हणजे सर, आपण जी बॅच सुरू ठेवली आहे तिच्यातच एकमेकांच्या श्वासात पळणे जास्त आहे. नवशिकी मुले जागच्या जागी, सावकाश, धापा न टाकता शिकतात. आरोग्याच्या बाजूने पाहिले तर त्यांना बाहेर ठेवण्याला आधार कमी पडतो. हात धरण्याचा प्रश्न मात्र खरा आहे.

माणशी जागेचे बोलायचे तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२० मध्ये व्यायामशाळांसाठी माणशी ४ चौरस मीटर जागा सांगितली होती. ४० बाय २० मीटरच्या रिंकवर त्या हिशेबाने २०० माणसे बसतील! तो नियम एका जागी उभ्या माणसासाठी आहे, फिरणाऱ्यासाठी वीस हाच आकडा योग्य.

भाड्याचे बूट. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने यंदा एप्रिलमध्ये सांगितले की लागलेल्या वस्तूला हात लावून लागण होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० वेळांत एकदाहूनही कमी असते. मोजे स्वतःचे, वापरानंतर बूट उन्हात, दोन वापरांत एक दिवसाचे अंतर. एवढे केले तर ते कपाट बंद ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

मास्क घालून जोरात पळू नये. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे जून २०२० पासून हेच आहे, घामाने मास्क भिजला की श्वास घेणे जड जाते. थांबलात की मास्क. आणि ज्या मुलाला किंवा मोठ्याला कोविड होऊन गेला आहे त्याने घाई करू नये. बीएमजे या नियतकालिकात जानेवारीत आलेला सल्ला आम्ही वापरतो: सात दिवस एकही लक्षण नाही, मग निदान दोन आठवडे अगदी हलकी हालचाल, मग हळूहळू वाढ. छातीत दुखले, धडधड वाढली, चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठायचा.

काय बिघडते, असे घरची माणसे विचारतात. मी ओपीडीत अशी मुले बघतो ज्यांचे वजन दीड वर्षात भरमसाट वाढले, ज्यांना रात्री झोप येत नाही, जी मोबाइल काढून घेतला की हातपाय आपटतात. बिघडते, कुळागर. पण कधी पाठवायचे ते तुम्हीच ठरवा, कोणाच्या दबावाखाली नको.

साळावली | १० नोव्हेंबर, सकाळी ८.००

डॉक्टर, देव बरे करो. हा प्रतिसाद आमच्या सांग्याच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला.

टोरांटोची_माई | १० नोव्हेंबर, सकाळी १०.१०

मी मूळ माशेलची, गेली बरीच वर्षे टोरांटोत. इथे मी बर्फावर फिरते आणि शनिवारी लहान मुलांना शिकवायला मदत करते. सरांनी हात धरण्याचा जो मुद्दा काढला तो आमच्याही पुढे होता, म्हणून लिहायला बसले.

गेल्या वर्षी २६ डिसेंबरपासून आमच्या ओंटारिओ प्रांतभर टाळेबंदी लागली तेव्हा बंदिस्त रिंक बंद झाल्या, उघड्यावरच्या मात्र चालू राहिल्या. आधी नाव नोंदवायचे, ठरलेल्या वेळेत फिरायचे, वेळ संपली की बाहेर. ओटावात रिडो कालवा गोठतो, त्यावर ७.८ किलोमीटरची वाट होते, तीही जानेवारीच्या शेवटी खुली केली. घरात कोंडलेल्या माणसांना कुठेतरी मोकळे सोडायला हवे हे इथल्या कारभाऱ्यांनी ओळखले. आता बंदिस्त रिंक पुन्हा सुरू आहेत, मोठ्यांना सप्टेंबरपासून लसीचे प्रमाणपत्र लागते. आम्ही घरून पूर्ण तयार होऊन जातो, बूट तेवढे तिथे बांधतो.

लहान मुलांचे असे केले. बर्फावर रंगीत मार्करने मोठे गोल काढले, प्रत्येक मुलाचा एक गोल. आपल्या गोलातच उठायचे, बसायचे, पडायचे. कोणाला धरायची वेळ आली तर पोहायला शिकताना वापरतात तशी फोमची लांब नळी. एक टोक मुलाच्या हातात, एक माझ्या. मी मागे सरते, ते पुढे येते. मध्ये दीड-दोन हात अंतर. आणि मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली: हात धरला की मूल सगळा भार आपल्यावर टाकते आणि मागे कलते. नळी धरली की त्याला भार टाकायला काही नसते, म्हणून ते आपोआप गुडघे वाकवून स्वतःच्या पायांवर उभे राहते. आमची मुख्य प्रशिक्षक म्हणाली की साथ गेली तरी ती ही नळी सोडणार नाही.

पडलेल्याला उठवायलाही आम्ही वाकत नाही. पहिला अख्खा तास मुलांना फक्त पडायला आणि उठायला शिकवतो. आधी दोन्ही गुडघ्यांवर, मग एक पाऊल पुढे, दोन्ही हात त्या गुडघ्यावर, आणि वर. चाकांवरही हेच चालते ना, सर?

चाकांचे_सर | १० नोव्हेंबर, रात्री ९.५०

माई, चालते. फरक एवढाच की बर्फावर पाते आडवे घसरवून थांबता येते, सिमेंटवर चाक आडवे घसरत नाही. त्यामुळे थांबणे आम्हाला आधी शिकवावे लागते, मागच्या पायाची चाके घासत टी-स्टॉप. आणि आमच्या रिंकवर पडणे म्हणजे कातडी सोलणे, म्हणून मनगटाचे गार्ड सक्तीचे.

तुमची नळी आज करून पाहिली. फोमची मिळाली नाही, प्लंबरकडून अर्ध्या इंची पाइपाचा चार फुटांचा तुकडा आणला आणि दोन्ही टोकांना जुन्या सायकल ट्यूबचे रबर चढवले. माझ्याच भाच्याला उभे केले, सहा वर्षांचा आहे. पाइप धरून तो रिंकच्या मध्यापर्यंत आला. मी हात धरून शिकवतो तेव्हा पहिल्या दिवशी मूल इतके सरळ उभे राहत नाही.

बर्फाचा विषय निघाला म्हणून सांगतो, माझी मुले मला नेहमी विचारतात. विश्वराज जडेजा गुजरातचा, चाकांवर वाढला आणि पुढे बर्फावरच्या स्पीड स्केटिंगमध्ये भारताकडून उतरला. बेल्जियमचा बार्ट स्विंग्स इनलाइनचा विश्वविजेता, त्याने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकला मास स्टार्टमध्ये (सगळे एकदम सुटतात ती शर्यत) रौप्य घेतले, आणि येत्या फेब्रुवारीत बीजिंगलाही तो असेल अशी माझी आशा आहे. कोपऱ्यावर एका पायावर कलून बाहेरची धार धरणे, पाय ओलांडून टाकणे, हे दोन्हीकडे सारखे. गोव्यातल्या सिमेंटवर शिकलेले काही वाया जात नाही.

परतणाऱ्या मुलांसाठी मात्र एक विनंती. मुलांच्या डोक्यात त्यांचा २०२० चा वेग आहे, पायात तो नाही. घोटे सैल पडले आहेत, आणि उंची वाढल्यामुळे तोल बदलला आहे. माझ्या बॅचमध्ये पहिले तीन आठवडे घड्याळ लावत नाही. घरी दात घासताना एका पायावर उभे राहा, रोज पाय बदला. भिंतीला पाठ न लावता खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवून थांबा. टाचा उचला, सावकाश खाली आणा. कंटाळवाणे आहे, पण घोटा यानेच तयार होतो.

रानफूल | ११ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

मी बावन्न वर्षांची आहे. शाळेत असताना मडगावला क्वाडवर (पुढे दोन, मागे दोन चाकांचे स्केट्स) फिरायचे, लोखंडी पट्ट्यांचे स्केट्स बुटांवर बांधून. टाळेबंदीत लेकाने ऑनलाइन इनलाइन मागवले आणि तो मुंबईला गेला, ते माझ्या मापाचे निघाले. मोठ्या बायकांनी रिंकवर यावे का? हाडे मोडण्याची भीती वाटते, आणि लोक काय म्हणतील हीसुद्धा.

मांडवीकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री १०.००

काकी, जरूर या. मात्र पन्नाशीनंतर बायकांची हाडे झपाट्याने विरळ होतात, तेव्हा आधी तपासणी करून घ्या. पडताना हात मागे टेकला की मनगट मोडते, या वयात मोडणारे हाड बहुतेक तेच असते. मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट, दोन्हींशिवाय उभ्या राहू नका. पुढे, गुडघ्यांच्या गार्डवर पडायचे.

टोरांटोची_माई | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

रानफूल, मी तुझ्याहून मोठी आहे गे. लोक दोन दिवस बघतात, तिसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात.

अबोली | १४ नोव्हेंबर, रात्री ८.३०

आज आमच्या रिंकवर जे झाले ते सविस्तर लिहिते. या धाग्यातले प्रतिसाद छापून मी आमच्या व्यवस्थापकांना दिले होते. त्यांनी कपाटाची चावी दिली, म्हणाले, 'आधी आतला माल वापरण्याजोगा आहे का बघा.' आम्ही पालक आणि मोठी मुले सकाळीच जमलो.

बत्तीस जोड निघाले. बुटांची नाडी काढून आतले अस्तर साबणाच्या पाण्याने घासले आणि सगळे जोड कुंपणावर उन्हात उलटे टांगले. चामड्याच्या जुन्या क्वाडना सॅनिटायझर मारायचे नाही, चामडे वाळून तडकते, म्हणून ते नुसत्या ओल्या फडक्याने पुसले. मग चाके काढली. प्रत्येक जोडाला आठ चाके, चाकात दोन बेअरिंग (चाक ज्यांवर फिरते त्या छर्‍यांच्या कड्या). मुलांनी वर्तमानपत्र पसरून सगळी बेअरिंग ओळीने मांडली. बाहेरचे झाकण टाचणीने उचकटून आत पाहिले तर गंजाची तांबडी पूड. रॉकेलमध्ये भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून, पंख्याखाली वाळवून, प्रत्येकात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल घातले की धूळ धरते. बोटावर ठेवून फिरवायचे, आवाज न होता फिरत राहिले तर चांगले. माझ्या लेकीच्या मैत्रिणीने कोणालाही हात लावू न देता तीन जोडांची बेअरिंग एकटीने केली.

अर्ध्याहून जास्त वाचली. जी अडकली ती बदलावी लागतील. ६०८ नंबरची आहेत, आत ८ मिलिमीटरचे भोक, बाहेरून २२, जाडी ७. हीच बेअरिंग लहान मोटरींतही बसतात, त्यामुळे स्केटिंगच्या दुकानात महागडी घेण्याची गरज नाही, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे स्वस्तात मिळतात.

आणखी एक गोष्ट सगळ्या रिंकवाल्यांनी ध्यानात घ्यावी. आमच्याकडे सॅनिटायझरची बाटली रिंकच्या तोंडाशीच ठेवली होती. त्यात ग्लिसरीन असते. थेंब सिमेंटवर पडून बुळबुळीत डाग झाला होता, आणि नेमके तिथेच प्रत्येक मूल पहिले पाऊल टाकते. बाटली आता फाटकाबाहेर नेली.

डिचोलीचा_बाबा | १४ नोव्हेंबर, रात्री ९.०५

वा! अदलाबदलीचे काय ठरले?

अबोली | १४ नोव्हेंबर, रात्री ९.२०

दादा, तीही सुरू केली. लहान झालेले बूट कपाटात आणून ठेवायचे, मोठे असतील तर घेऊन जायचे. माप मिलिमीटरमध्ये लिहा, कंपन्यांचे नंबर जुळत नाहीत. संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा, कागदावर उभे राहून टाच ते सर्वात लांब बोट मोजायचे.

साळावली | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५

हा अवकाळी पाऊस कधी थांबणार? सांग्यात तीन दिवस रिंक ओली. कोणीतरी सुचवले की बंद हॉलमध्ये सराव घ्यावा.

मांडवीकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री १०.४०

दारे-खिडक्या बंद असलेल्या हॉलमध्ये नको, टँपाचे उदाहरण वर दिलेच आहे. वर पत्रे आणि चारी बाजू मोकळ्या अशी शेड असेल तर चालेल, मुले निम्मी करा. नाहीतर पाऊस थांबेपर्यंत घरी घोट्याचे व्यायाम. ओल्या सिमेंटवर तर कोणालाच उतरवू नका.

कुळागर | १९ नोव्हेंबर, दुपारी १.३०

मी काल फाटकाबाहेर उभी राहून तासभर पाहिले. मुले अंतर ठेवतात, थांबली की मास्क वर घेतात, शिकवणारा पाइप धरून शिकवतो. थोरल्याला डिसेंबरपासून पाठवेन. धाकट्याचा दमा आहे, त्याचे अजून ठरत नाही. त्याला तसे सांगितले तर रडला. डॉक्टर, त्याला तपासायला आणू का?

मांडवीकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री ११.१०

त्याला नेहमी बघणाऱ्या डॉक्टरांकडेच आधी न्या, त्यांना त्याचा दमा माहीत आहे. दमा आटोक्यात असलेली मुले खेळू शकतात. पंप खिशात, आणि तो कुठे आहे हे शिकवणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

चाकांचे_सर | २० नोव्हेंबर, सकाळी ६.४५

आमच्या रिंकचे ठरले. शनिवार-रविवार सकाळी साडेसात ते साडेआठ नवशिक्यांचा तास, दहा मुले, खडूने काढलेले दहा गोल. स्पर्धेची मोठी मुले आळीपाळीने दोघे-दोघे मदतीला येतील. मोठ्यांसाठी रविवारी संध्याकाळी पाऊण तास. रानफूल काकींना निरोप द्यावा. स्पर्धेच्या मुलांचा सराव तासाभराने कमी झाला याबद्दल दोन पालक नाराज आहेत. त्यांच्याशी बोलतो आहे, त्यांचीही बाजू आहे. पण त्यांचीच मुले काल लहानग्यांसाठी गोल काढत होती.

अबोली | २० नोव्हेंबर, सकाळी ८.१०

सर, आमच्याकडेही पुढच्या शनिवारपासून. व्यवस्थापकांनी महिनाभर चालवून बघू म्हटले आहे, जानेवारीत पुन्हा बसायचे. भाडे पूर्वीचेच, आणि ज्यांना तेही जड आहे त्यांनी मला वैयक्तिक निरोप पाठवा, कोणापुढे सांगावे लागणार नाही.

साळावली | २० नोव्हेंबर, सकाळी ८.४०

ताई, माझ्या पुतणीसाठी २१० मिलिमीटरचा जोड आहे का कपाटात? पहिल्यांदाच उभी राहणार आहे.

अबोली | २० नोव्हेंबर, सकाळी ८.५५

२१० चा नाही, २१५ चा क्वाड आहे, जाड मोजे घातले तर बसेल. बोल्ट कालच आवळले आहेत. सव्वासातला आणा, मनगटाचे गार्ड मी देते.